सहा आकड्यांची सही

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. खातरजमासाहेबांचं तोंड जन्मात कधी पोळलं नव्हतं, तरी ते ताक फुंकून प्यायचे, पाणी फुंकून प्यायचे, आणि कुणी सरबताचा पेला पुढे केला तर आधी तो उजेडात धरून बघायचे. नळ आणि तोट्या बनवणाऱ्या कारखान्याचं गोदाम त्यांच्या ताब्यात होतं. माल आला की बाकीचे गोदामवाले पावतीवर सही ठोकून मोकळे होतात. साहेब खोकं उघडायला लावत, अगदी तळातली एक तोटी ओढून काढत, तिला तोंड लावून फुंकर मारत, आणि मग खिशातलं पेन बाहेर येई. "खातरजमा केलेली बरी," एवढं वाक्य ते दिवसातून इतक्यांदा म्हणत, की त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतंच उरलं होतं.

अशा माणसाला एका मंगळवारी ऑफिसातून ईमेल आला. मनुष्यबळ खात्यातल्या बाईंनी कळवलं होतं, की येत्या महिनाअखेरीला निवृत्त होणाऱ्या साहेबांना कंपनीने दोन वर्षांची मुदतवाढ दिली आहे. सोबतच्या करारावर शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत इलेक्ट्रॉनिक सही करावी. कागदावरची सही चालणार नाही.

मुदतवाढीचं ऐकून बायकोला इतका आनंद झाला, की तिने लगेच माहेरी फोन केला. तिच्या आनंदाला कारण होतं. मागे साहेब कंबर धरल्यामुळे आठवडाभर घरी होते, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर भरल्याच्या तारखेच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या आणि इस्त्रीवाल्याला प्रत्येक शर्ट गुंड्या मोजून परत द्यायला लावला होता. इस्त्रीवाल्याने त्यानंतर जिना बदलला. निवृत्ती म्हणजे असे आठवडे जन्मभर, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

साहेबांच्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली. तशा तिथे बऱ्याच पाली कायम मुक्कामाला होत्या. ही आणखी एक.

"मुदतवाढ द्यायचीच असेल तर कागद समोर ठेवायला काय होतं? टेबल आहे, खुर्ची आहे, मी आहे. सही अशी हवेत कशाला?"

"अहो, हल्ली सगळीकडे असंच असतं."

"सगळीकडे असंच असतं, हेच मला संशयास्पद वाटतं."

त्यांनी पाठवणाऱ्याचा पत्ता भिंगाखाली धरून अक्षर न् अक्षर तपासला. पत्ता खरा निघाला. याने तर संशय जास्तच वाढला, कारण खोटं काम करणारा माणूस पत्ता खराच वापरणार.

बुधवारी सकाळी त्यांनी आपल्या पद्धतीने काम उरकायचं ठरवलं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन त्यांनी कराराचं शेवटचं पान छापून घेतलं, त्यावर पेनाने सही केली, तिच्याखाली नेहमीची दोन टिंबं दिली, आणि ते पान स्कॅन करून बाईंना पाठवलं. झेरॉक्सवाल्याने पान काचेवर थोडं तिरकं ठेवलं होतं, त्यामुळे सही उतारावरून घसरल्यासारखी दिसत होती. म्हणून ते परत काढायला लावलं. दुसऱ्या वेळी झेरॉक्सवाल्याचा अंगठा आला. तिसऱ्या वेळी झेरॉक्सवाला म्हणाला, "साहेब, समोरही एक दुकान आहे."

दुपारी बाईंचं उत्तर आलं: स्कॅन केलेली सही स्वीकारता येत नाही, कृपया ईमेलमधल्या दुव्यावर जाऊन सही करावी, धन्यवाद.

तीस वर्षं ज्या सहीशिवाय कारखान्यातून एक वायसर बाहेर गेला नव्हता, ती सही धन्यवाद म्हणून परत आली! साहेबांना हे फार लागलं. त्या दिवशी त्यांनी जेवणात मीठ कमी असल्याचंही सांगितलं नाही, यावरून बायकोने काय ते ओळखलं.

संध्याकाळी ही बातमी जिन्यात पोचली. वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहत. कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले. सगळे त्यांना कोर्टकाका म्हणत. ते लुंगी सावरत खाली आले आणि न विचारता सल्ला द्यायला बसले.

"सही ही हातानेच व्हायला हवी. का? तर उद्या नाकारता येते. 'हा हात माझा नाही' असं म्हणता येतं. यंत्राने केलेली सही तुम्ही नाकारणार कशी?"

"पण मला नाकारायची नाहीये, काका. मला करायची आहे."

"आज करायची आहे. मी उद्याचं बोलतोय."

समोरच्या दारातल्या वहिनीही आल्या. त्यांना एक मावसभाऊ होता, आणि जगातल्या झाडून सगळ्या फसवणुकी त्याच्या एकट्याच्याच वाट्याला आलेल्या होत्या. "आमच्या मावसभावाने असंच कुठल्याशा दुव्यावर बोट ठेवलं, भाऊजी. नुसतं ठेवलं हं, दाबलंसुद्धा नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या नावावर तीन म्हशी!"

"म्हशी?"

"कर्जाने घेतलेल्या. अजून हप्ते भरतोय बिचारा. दूध कोण पितंय, पत्ता नाही."

त्या रात्री साहेबांना झोप लागली, पण ती गोठ्यात.

गुरुवारी सकाळी मात्र बायकोने चहाच्या कपाशेजारी फोन ठेवला आणि ती समोर उभी राहिली. "करा." तिच्या आवाजात असं काहीतरी होतं, की साहेबांनी चष्मा लावला, देवाला मनातल्या मनात साक्षीला बोलावलं आणि दुवा उघडला. ओळखपत्राचा क्रमांक भरला. पडद्यावर आलं: तुमच्या नोंदवलेल्या मोबाइलवर सहा आकडी संकेत पाठवला आहे.

संकेत आला नाही. साहेबांनी पुन्हा पाठवायला सांगितला. नाही आला. त्यांनी फोन खिडकीबाहेर धरला, गॅलरीत नेला, शेवटी स्टुलावर चढून माळ्याच्या फळीवर ठेवला. समोरच्या वहिनी आपल्या दारातून म्हणाल्या, "आमच्या मावसभावाचंही असंच सुरू झालं होतं."

"बघितलंत? नोकरीवरून काढण्याचा हा डाव आहे," साहेब स्टुलावरूनच म्हणाले. "संकेत पाठवायचाच नाही, आणि शुक्रवारी म्हणायचं, तुम्हीच सही केली नाहीत."

बायकोने त्यांच्या हातून फोन घेतला. "अहो, इथे लिहिलंय, सत्तेचाळीसने संपणाऱ्या नंबरवर पाठवला म्हणून. तुमचा तर बाराने संपतो."

"मग सत्तेचाळीस कोणाचा?"

साहेब स्टुलावरून हळूहळू खाली उतरले. तो नंबर त्यांचाच होता, पण जुना. कंपनीने नवा फोन दिला तेव्हा त्यांनी जुना फोन, त्यातल्या नंबरासकट, धाकट्या बहिणीला देऊन टाकला होता. तिचा नुकताच चोरीला गेला होता. तेव्हा दोघांचं गूळपीठ होतं. गेली दोन वर्षं मात्र बोलणं बंद होतं.

बंद पडण्याचं कारण सांगायला साहेब नाखूश असत, म्हणून इथेच सांगून टाकलेलं बरं. साहेब या नव्या घरात आले तेव्हा बहिणीने भिंतीवरचं एक सुरेख घड्याळ भेट दिलं. बहीण शाळेत मुख्याध्यापिका. साहेबांनी सवयीने खोक्याच्या तळाशी हात घातला, तर एक चिठ्ठी निघाली: "लाडक्या बाईंना, दहावी ब कडून." म्हणजे भेट आलेलीच भेट पुढे ढकललेली! शहाण्या माणसाने ती चिठ्ठी खिशात घातली असती. साहेबांनी ती पाहुण्यांदेखत मोठ्याने वाचून दाखवली. बहीण पानावरून उठली ती गेलीच.

आता त्याच बहिणीच्या फोनमध्ये साहेबांची सही जाऊन बसली होती.

"तिच्याकडे मागणार नाही," साहेब म्हणाले. "सरळ नंबर बदलून घेतो." आणि रजा टाकून ते ओळखपत्र केंद्रात गेले. रांग जिन्यापर्यंत आली होती. खिडकीशी पोचेपर्यंत त्यांचा पुढच्या माणसाशी दोनदा वाद आणि मागच्याशी एकदा समेट झाला. खिडकीतल्या बाईंनी अर्ज बघितला, शिक्का उचलला आणि विचारलं, "जुन्या नंबरवर संकेत गेलाय. सांगा."

"जुना नंबर माझ्याकडे नाही, म्हणून तर बदलायचाय."

"बरोबर. पण तुम्ही तुम्हीच आहात, हे आम्हाला कळणार कसं?"

"मी समोर उभा आहे! हे ओळखपत्र, हा फोटो, हा मी!"

बाईंनी फोटोकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं. "फोटो कुणाशीही जुळतो हो. खात्री करून घ्यावी लागते."

एरवी दुसऱ्या कुणी हे उत्तर दिलं असतं, तर साहेबांनी त्याची पाठ थोपटली असती. आज त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच असं वाटलं, की माणसाने माणसावर थोडाफार विश्वास ठेवायला हरकत नाही. हा विचार घरी येईपर्यंत विरला.

घरी आल्यावर बायकोने सरळ फोन लावला. नंबर तिने बघितलासुद्धा नाही.

"तुला पाठ आहे?" साहेबांनी संशयाने विचारलं.

"तुमचाच जुना नंबर ना? पाठ असणारच," ती म्हणाली, आणि फोनवर इतक्या सहज "हं वन्सं, कालचा घसा कसा आहे?" असं विचारलं, की साहेबांना दोन वर्षांचा उलगडा एका वाक्यात झाला. अबोला फक्त त्यांच्या वाट्याला आला होता. बाकी घराचं नातं व्यवस्थित चालू होतं.

बायकोने आवाज मोठा केला. पलीकडून बहीण तावातावाने सांगत होती, "अगं वहिनी, सकाळपासून नुसते आकडे पडतायत फोनवर! कोणीतरी लुटायला बसलंय म्हणून मी ह्यांचं बँकेचं कार्ड बंद करून टाकलं. हे गाडीचं टायर बदलायला गेले होते, तिथेच अडकलेत. टायरवाला सोडत नाही."

"वन्सं, ते आकडे यांचे आहेत." बायकोने सगळं सांगितलं, साहेबांच्या फोनवरून नवा संकेत मागवला आणि आपला फोन त्यांच्या हातात कोंबला.

"हॅलो," साहेब म्हणाले. "मी आहे."

"मी म्हणजे कोण?"

"दादा."

"कशावरून? हल्ली आवाजसुद्धा बनवतात."

बायको बाजूने म्हणाली, "वन्सं, बनवायचाच तर हा आवाज कोण बनवेल?"

"थांब वहिनी. सांग रे, मी चौथीत असताना माझी सायकल कुणी मोडली?"

"तूच. उतारावर ब्रेक दाबला नाहीस."

"ब्रेक काढून ठेवला होतास तू!"

"सैल आहे का, ते तपासायला काढला होता. बसवणारच होतो…"

"हं. म्हणजे तूच आहेस." बहिणीचा आवाज जरा खाली आला. "पण आकडे देणार नाही."

"का?"

"संदेशात लिहिलंय, हा संकेत कुणालाही सांगू नका. कुणालाही म्हणजे कुणालाही. भाऊ सोडून, असं लिहिलेलं नाही. आणि मला हे कुणी शिकवलं? तूच ना सारखे संदेश पाठवायचास, याला फसवलं, त्याला फसवलं?"

तेवढ्यात संकेताची मुदत संपली. साहेबांना आपल्याच गोदामात कुणी आपल्याला कोंडल्यासारखं झालं.

"ये घरी," बहीण म्हणाली. "कागद दाखव. बघते, कशावर सही करतोयस ते. आईच्या नावची जागा विकत असशील तर?"

"विकायची असती तर तुझ्याही सहीची गरज लागली असती!"

"म्हणूनच म्हटलं, ये."

शुक्रवारी सकाळी बायकोने त्यांना धुतलेला शर्ट दिला, बसचे सुटे पैसे दिले आणि दारात म्हणाली, "तिथे काहीही तपासू नका."

शाळेला सुट्टी होती. बहिणीने दार उघडलं, दोन वर्षांत दादाचे केस किती गेले ते बघितलं, आणि ती बाजूला झाली. भावोजी टायर बदलून, टायरवाल्याकडे मनगटावरचं घड्याळ गहाण टाकून, परत आले होते. त्यांनी साहेबांना बघून वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. भांडणात तटस्थ राहण्याची ती त्यांची रीत होती.

साहेबांनी फोन पुढे केला. बहिणीने चष्मा चढवला आणि करार पहिल्या ओळीपासून, वर्गात श्रुतलेखन घालावं तसा, मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"वाचायची काही गरज नाही," साहेब म्हणाले. "नेहमीचाच आहे."

"तू वाचलास?"

साहेबांनी पाठवणाऱ्याचा पत्ता वाचला होता. दुव्याचं स्पेलिंग तपासलं होतं. सही कागदावर की हवेत, यावर तीन दिवस डोकं फोडलं होतं. करार मात्र त्यांनी वाचला नव्हता. "वरवर," ते म्हणाले.

बहीण वाचत राहिली. अकराव्या कलमाशी आल्यावर तिचा आवाज मंदावला. "सदर कर्मचाऱ्यास कंपनीच्या कोणत्याही गोदामात, राहण्याची व्यवस्था स्वखर्चाने करून, काम करावे लागेल… दादा, तुमचं दुसरं गोदाम कुठे आहे रे?"

दुसरं गोदाम बंदराच्या पलीकडे होतं. तिथे दिवसातून एक बस जाई आणि तीच परत येई, येईल तेव्हा. त्या गोदामाचा प्रमुख मागच्याच महिन्यात राजीनामा देऊन निघून गेला होता. त्याच्या निरोपाला साहेब स्वतः हजर होते आणि 'सुटला बिचारा' असं मनात म्हणाले होते.

भावोजींनी वर्तमानपत्र खाली केलं. "म्हणजे हात हलवून नव्हे, घरच हलवून सही करायची," ते म्हणाले आणि परत वर केलं.

ज्या माणसाने खोक्याच्या तळातली तोटी काढून फुंकली नाही असा एक दिवस घालवला नाही, तो आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या खोक्यावर बाहेरच्या बाहेर सही करायला निघाला होता. आणि तीही दोन दिवस धडपडून! बहीण आता काय बोलते, याची ते खाली मान घालून वाट बघत बसले. दोन वर्षांचं उट्टं काढायला याहून चांगली संधी नव्हती.

बहीण म्हणाली, "लाव त्या बाईंना फोन."

मनुष्यबळ खात्यातल्या बाई गोड बोलत होत्या. अकरावं कलम म्हणजे काही नाही, सगळ्यांच्या करारात असतंच, नुसता ठरावीक मजकूर आहे. साहेब "बरं, बरं" म्हणणार, तोच बहिणीने फोन ओढला.

"मी यांची बहीण बोलतेय. नुसता मजकूर असेल तर काढून टाका. काही नसलेली गोष्ट काढायला काय त्रास?"

"मॅडम, करार भावाचा आहे…"

"आणि सहीचे आकडे माझ्याकडे आहेत."

बाई म्हणाल्या, वरच्यांना विचारून सांगते. मग वाट बघणं आलं. बहिणीने जेवायला वाढलं. जेवण झालं, भांडी झाली, भावोजी आत जाऊन घोरायला लागले, तरी फोन येईना. भिंतीवर घड्याळ होतं; साधंच, एका कडेला तडा गेलेलं. साहेबांची नजर दर थोड्या वेळाने तिकडे जाई आणि दचकून परत येई.

"विचार की," बहीण म्हणाली.

"काय?"

"मनात आहे ते."

"ते घड्याळ… दहावी ब चंच होतं ना?"

"होतं. मुलांनी खाऊचे पैसे साठवून आणलं होतं. माझ्या घरातली ती सगळ्यात चांगली वस्तू होती. तुझं नवं घर झालं, तर बाजारातून काहीतरी उचलून द्यायचं? मला सोडवत नव्हतं ते, म्हणून तेच दिलं."

"मग तसं सांगायचंस."

"तू सांगू दिलंस? मी तोंड उघडायच्या आत तुझा हात खोक्यात."

साहेब बराच वेळ हातातल्या रिकाम्या पेल्याची कड पुसत राहिले. "मी चुकलो" असं म्हणायची त्यांना सवय नव्हती. शब्द कुठून सुरू करायचा तेच सापडेना. शेवटी म्हणाले, "छान चालतं अजून. समोरच लावलंय. दोन मिनिटं पुढे आहे."

"पुढे गेलंय की तू केलंयस?"

"मी केलंय."

बहिणीला हसू आवरेना. तिला बघून साहेबांनाही आलं, आणि आतलं घोरणं एकदम थांबलं. भावोजी इतका वेळ जागेच होते.

साडेचार होऊन गेल्यावर नवा करार आला. बहिणीने तो पुन्हा श्रुतलेखनाच्या सुरात वाचला. अकरावं कलम गळालं होतं. मग साहेबांनीही स्वतः वाचला, बोट फिरवत. तोवर पाच वाजत आले. साहेबांनी क्रमांक भरला. टेबलावरचा बहिणीचा फोन थरथरला. बहिणीने तो उचलला, छातीशी धरला आणि आकडे सांगितले नाहीतच; नियम म्हणजे नियम. तिने फोन नुसता टेबलावर उताणा ठेवला आणि आपण खिडकीबाहेर बघत राहिली. साहेबांनी वाकून एकेक आकडा भरला. पडद्यावर एक हिरवी खूण उमटली.

"झाली?" बहिणीने विचारलं.

"झाली म्हणतंय."

दोघं त्या खुणेकडे बघत राहिले. शाई नाही, टिंबं नाहीत, काही नाही. "तरी मला नाही खरं वाटत," साहेब म्हणाले.

"मलाही," बहीण म्हणाली.

मुदतवाढ खरी निघाली. कोर्टकाकांनी ती न्यायालयात टिकणार नाही असं सांगितलं, आणि बायकोने जिन्यात पेढे वाटले. इस्त्रीवाल्यालाही पाठवले.

महिन्याभराने साहेब पुन्हा ओळखपत्र केंद्रात गेले. नंबर आता बदलायलाच हवा होता. सहीसारखी वस्तू दुसऱ्याच्या घरी ठेवणं बरं नव्हे. रांगेतून खिडकीशी पोचल्यावर त्यांनी बहिणीला फोन लावला. या वेळी तिने आढेवेढे घेतले नाहीत. आकडे भराभर सांगितले. साहेबांनी ते खिडकीतल्या बाईंना सांगितले.

"चुकीचे आहेत," बाई म्हणाल्या.

बहिणीने पुन्हा सांगितले. तेही चुकले. तिसऱ्यांदा तिने एकेक आकडा सुटा सुटा, सावकाश सांगितला, आणि तिसऱ्यांदाही यंत्राने नकार दिला.

"आता आज होणार नाही," बाईंनी अर्ज परत सरकवला. "तुमच्या बहिणीला आकडे नीट दिसत नाहीत का?"

साहेबांनी हातातल्या फोनकडे बघितलं. "नाही हो," ते म्हणाले. "वय झालं तिचं."

बाहेर पायऱ्यांवर येऊन त्यांनी परत फोन लावला. "अगं, तिन्ही वेळा चुकले."

"चुकले असतील बाबा. फोनवर असंच होतं." पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "रविवारी ये. समोर बसून बघू."

"रविवारी केंद्र बंद असतं."

"असू दे."

साहेबांनी अर्जाची चौपट घडी केली आणि खिशात घातली. संध्याकाळी बायकोने विचारलं, झालं का काम, तेव्हा त्यांनी तिच्या डोळ्याला डोळा न देता सांगितलं, की केंद्राचं यंत्रच बंद होतं.